आ-लिनजवळ कोण आहे

घरात सण असला की तेत-मोईला दोन पातेली चढवावी लागत. मांस एकाच डुकराचं, पाला तोच खारवलेल्या मोहरीचा, आलंही तेच. पण एक पातेलं पितरांना दाखवायचं आणि दुसरं त्याआधीच बाजूला काढायचं, धाकट्या दिरासाठी. पितरांपुढे ठेवलेलं तो खात नसे. आठ वर्षांपूर्वी खुईनं बाप्तिस्मा घेतला, त्या वर्षी यावरून दोघा भावांत महिनाभर अबोला होता. दुसऱ्या वर्षी तेत-मोईनं कुणालाही न विचारता दुकानातून दुसरं पातेलं आणलं आणि भांडण मिटलं. घरातली निम्मी भांडणं एखादं भांडं वाढवलं की मिटतात, असं तिचं मत होतं.

या वेळचं भांडण मात्र पातेल्यात मावणारं नव्हतं.

चार दिवसांपूर्वी जेवताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "येत्या रविवारी मी बाप्तिस्मा घेणार आहे. फात, गाडीला खेचर जुंप. ती चढण आता माझ्यानं होत नाही." आणि भाताचा वाडगा पुढे करून म्हणाल्या, "थोरले, अजून वाढ गं."

याच सासूबाईंनी आठ वर्षांपूर्वी खुईचं अंथरूण उचलून अंगणातल्या चिखलात फेकलं होतं. तेव्हापासून त्या चर्चवरून जातसुद्धा नसत. दुकानात जायचं तर डुकरांच्या कुंपणामागून वळसा घालून जात. रविवारी ईस्टर होता आणि मंगळवारी कबरी झाडायचा सण. बाप्तिस्मा झाला की पितरांपुढे वाकायचं नसतं, म्हणजे मंगळवारी सासऱ्यांच्या कबरीपुढे वाकायला घरची मोठी बाईच नसणार.

का, हे कुणालाच कळेना. तेत-मोईला आधी वाटलं, दुखणं असेल. तिनं चार दिवस सासूबाईंची जीभ पाहिली, त्या खातात किती ते मोजलं. तीन वाडगे भात. म्हणजे दुखणं नव्हतं. शेजारच्या होबाई म्हणाल्या, म्हातारपणी बुद्धी फिरते. पण सासूबाईंनी त्याच दिवशी बटाट्याच्या पोत्यांत दोन पोती कमी भरलेली पकडली होती. बुद्धीही जागेवर होती.

खुई बिचारा हरखून गेला होता. "आई, प्रभूनं तुझ्या मनाला स्पर्श केला का?" त्यानं विचारलं.

"तुझ्या प्रभूचं नि माझं अजून बोलणं झालेलं नाही," म्हातारी म्हणाली. "आधी मला तिथं जाऊ तर दे."

शेवटी गुरुवारी दुपारी तेत-मोईच्या नवऱ्यानं, फातनं, सगळ्यांना बोलावलं. खुई आणि त्याची बायको श्यू-यिन खालच्या घरातून आले. ल्यो मास्तरांनाही निरोप गेला. ते रविवारी उपदेश करत आणि इतर दिवशी पोरांना अक्षरं शिकवत, त्यामुळे या डोंगरावर त्यांना पाद्री कुणी म्हणत नसे, सगळे मास्तरच म्हणत. ते आले तेव्हा धुकं अंगणापर्यंत उतरलं होतं. त्यांनी दाराशी बुटांचा चिखल खरवडला, पितरांची नावं कोरलेल्या लाकडी पाटीकडे न बघता तिच्या शेजारच्या बाकावर बसले आणि तेत-मोईनं दिलेला चहा दोन्ही हातांनी धरला.

"बोलवलंत?"

"मी बोलवलं," फात म्हणाला. "आईनं नाही."

"मलाही यायचंच होतं," मास्तर म्हणाले.

*

सेन-फात बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर जहाजातून या बेटावर आला होता. ऊस तोडला, मग इथे वर येऊन जमीन खंडानं घेतली, दगड वेचले, बटाटे लावले. चार वर्षांनी आई गावाहून आली, धाकटी दोघं तिला इथेच झाली. वडील जाताना एकच म्हणाले होते, "माझ्या वाडग्यात भात पडत राहील एवढं बघ." गेली सहा वर्षं त्यानं ते पाहिलं होतं. पुढल्या वर्षी कबर उकरून वडिलांची हाडं मडक्यात घालून गावी पाठवायची होती. आईच्या वेळीही तसंच करायचं, दोघांची मडकी गावच्या टेकडीवर शेजारी शेजारी राहतील, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि आता आई चर्चच्या आवारात निजणार म्हणत होती. तिथं पाटी नाही, वाडगा नाही. मेल्यावर तिला भूक लागली तर तिनं कुणाकडे मागायचं?

"आई," तो म्हणाला, "तुला या घरात काही कमी पडलं का?"

"नाही."

"माझी बायको काही उणंदुणं बोलली?"

"ती बोलते तेवढं मी तिला परत करते. आमचा हिशेब बरोबर आहे."

"मग कुणाच्या नादानं हे चाललंय?" फात श्यू-यिनकडे वळला. "धाकटे, गेला महिनाभर आई रोज दुपारी तुझ्याकडे मका सोलायला येते. काय वाचून दाखवतेस तिला?"

श्यू-यिननं मान खाली घातली. खुई तिच्या बाजूनं पुढे सरकला. "दादा, माझ्या बायकोला विचारायचं ते मला विचार."

"तुला काय विचारू? तुला तर आनंदच झाला असेल. एक गेला होता, आता दुसरी."

"अरे, मी इथे बसलेय," म्हातारी म्हणाली. "मेलेय की काय आताच?"

*

श्यू-यिन होनोलुलूच्या मिशनच्या शाळेत शिकलेली. लग्न होऊन डोंगरावर आली तेव्हा सासूनं पहिला प्रश्न विचारला होता, "डुकरांना घालता येईल असं काही शिकवलं का त्या शाळेत?" तेव्हापासून सासू तिच्याशी कामापुरतंच बोले. त्यामुळे गेल्या महिन्यात म्हातारी स्वतःहून मक्याची टोपली घेऊन आली, तेव्हा श्यू-यिनलाच आश्चर्य वाटलं होतं. वरच्या घरात तेत-मोईच्या पोरांना गोवर निघाला होता आणि म्हातारीला शांतता हवी होती, एवढंच.

त्या दिवसांत श्यू-यिन मास्तरांचं एक काम करत होती. चर्चच्या जुन्या वहीला ओल लागली होती, पानं वाळवीनं खाल्ली होती. नावं नव्या वहीत उतरवायची होती. लिहिताना पुटपुटायची तिला सवय. बाप्तिस्म्यांचं पान आलं. तिनं वाचलं, "याप आ-लिन. वय नऊ. आजारात." आणि तिचाच आवाज तिच्या कानावर पडला.

मका सोलणारे हात थांबले होते.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, आई."

"परत वाच."

तिला वाचावं लागलं. म्हातारी टोपली उचलून घरी गेली. अकरा दिवसांनी तिनं भाताच्या वाडग्यासोबत ती गोष्ट काढली.

आ-लिन ही या दोघा भावांची बहीण. पंधरा वर्षांपूर्वी डोंगराखालच्या मिशनच्या शाळेत असताना घटसर्पानं गेली. एवढंच श्यू-यिनला ठाऊक होतं. या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. मुलगी, त्यात लग्न न झालेली, तिला पाटीवर जागा नसते आणि याप घराण्याच्या वहीतही नसते. ते नाव श्यू-यिननं जन्मात पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं ते त्या खाल्लेल्या पानावर. नवऱ्याला विचारायचा तिला धीर झाला नव्हता. आता मोठे दीर सगळ्यांसमोर विचारत होते. खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते तिचं नव्हतं.

"तिला छळू नकोस," म्हातारी म्हणाली. "तिनं वाचलं, मी ऐकलं. चर्चच्या वहीत आपल्या आ-लिनचं नाव आहे. तिला बाप्तिस्मा दिलेला होता."

फात हसलाच. "भलतंच. ती शाळेत होती, झालं. बाबांनी कधी होकार दिला नव्हता."

"बाबांनी नाही," खुई म्हणाला. "मी दिला."

*

बोलताना खुई उभा राहिला होता, तो पुन्हा खाली बसला. मास्तरांनी चहाचा वाडगा बाकावर ठेवला.

"मी चौदा वर्षांचा होतो," खुई म्हणाला. "त्याच शाळेत. तिचा घसा बंद झाला होता, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. वर निरोप धाडला होता, पण पावसानं ओढा भरलेला, तुम्हाला यायला दोन दिवस लागले. मडम मला म्हणाली, घरचा पुरुष तूच आहेस, मी हिच्या डोक्यावर पाणी घालू का? मी घरचा पुरुष! माझी विजार गुडघ्यावर फाटलेली होती. मी आ-लिनला विचारलं. तिला बोलता येत नव्हतं. तिनं माझं बोट धरलं होतं, ते दाबलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा? मी म्हटलं, घाला."

"आणि पंधरा वर्षं गप्प बसलास?" फात म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"बाबांनी मला मारून टाकलं असतं."

"मारून नसतं टाकलं," म्हातारी म्हणाली. "पण पाय मोडला असता एखादा." मग ती बाकाकडे वळली. "मास्तर, आता माझं ऐका. मी अकरा दिवस विचार केलाय. ती मेली तेव्हा तिच्या बापानं तिला कबरींच्या कुंपणाबाहेर पुरलं. रीतच तशी. मी म्हटलं, पोर कुठेच गेली नाही, वाऱ्यावर गेली. आता कळतंय की ती कुठेतरी गेलीय. तुमच्याकडे. बरोबर?"

"प्रभूजवळ आहे ती, आजी."

"ती नऊ वर्षांचीच असेल, की चोवीस वर्षांची झाली असेल?"

"शास्त्रात तसं लिहिलेलं नाही."

"ती मला ओळखेल का? तेव्हा माझे सगळे दात होते."

"ओळखेल असं मला वाटतं."

"तिथे बोलतात कोणती भाषा? दोन वर्षं ती त्या मडमांजवळ होती. सुट्टीत यायची तेव्हाच आपले निम्मे शब्द विसरलेली असायची. पंधरा वर्षांत सगळेच विसरली असेल तर?"

"आजी," मास्तर हळूच म्हणाले, "मुलीला भेटता यावं म्हणून बाप्तिस्मा घेत नसतात. आपली पापं आठवून घेतात. प्रभूवर विश्वास ठेवून घेतात. तुम्ही विश्वास ठेवता का?"

"ती जिथे आहे तिथे जायला दुसरा रस्ता आहे का?"

"नाही."

"मग त्या रस्त्यावर माझा विश्वास आहे. आणि पापांचं म्हणाल तर हा पोरगा चिखलात निजला ती रात्र आहे. अजूनही आहेत, पण ती मी तुम्हाला एकट्याला सांगेन. ही सगळी ऐकतायत."

फातनं मांडीवर थाप मारली. "मास्तर, तुम्हीच सांगा! तुमच्याच शास्त्राप्रमाणे आई नापास आहे. तुम्ही नाही म्हणा, मी तुमच्या चर्चच्या छपराला पत्रे देतो."

"पत्रे नकोत," मास्तर म्हणाले. "पण सेन-फात म्हणतात ते मलाही पटतं. हे कारण पुरेसं नाही, आजी."

तेत-मोई चुलीपाशी उभी राहून हे बघत होती. आठ वर्षांत तिचा नवरा आणि मास्तर एका बाकावर बसले नव्हते. आज बसले होते, तेही गुडघ्याला गुडघा लावून. तिला हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला.

"मास्तर," खुई म्हणाला. "मला तुम्ही पास केलं होतंत."

"तू सगळी उत्तरं बरोबर दिली होतीस."

"पाठ केली होती. खरं कारण तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. त्या दिवशी मी 'घाला' म्हटलं आणि माझ्या बहिणीला परक्या मुलखात एकटीला धाडून दिलं. तिथे तिचं कुणी नाही, हे सात वर्षं माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून तिच्यामागून गेलो. विश्वास नंतर आला, मास्तर. हळूहळू आला. आधी मी फक्त बहिणीच्या सोबतीला गेलो होतो."

फात भावाकडे बघत होता. आठ वर्षं त्याला वाटत होतं की गोऱ्यांची नोकरी, गोऱ्यांचे बूट, गोऱ्यांची मर्जी यांसाठी खुईनं बापाला सोडलं. तसं तो चारचौघांत बोललाही होता.

"आणि बाबा?" त्यानं शेवटी आईला विचारलं. त्याचा आवाज बारा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. "तू तिकडे गेलीस तर बाबा एकटेच राहतील."

"तुझे बाबा एकटे?" म्हातारी म्हणाली. "त्यांच्याजवळ त्यांची आई आहे, वडील आहेत, तीन भाऊ आहेत. शिवाय ती पहिली बायको आहे, जिच्या हातच्या बदकाचं कौतुक मी चाळीस वर्षं ऐकलं. त्यांच्या वाडग्यात भात घालायला तू आहेस, तुझ्यामागे तुझी पोरं आहेत. माझ्या पोरीजवळ कोण आहे, ते सांग. कुणाचं नाव सांगतोस? सांग ना."

पन्हळी पत्र्यांवर धुक्याचं पाणी टपटपत होतं.

तेत-मोईनं हात कमरेच्या फडक्याला पुसले. ती बाकासमोर येऊन उभी राहिली. पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे, पडली तर पातेलं घेऊन पडे. आज हात रिकामे होते.

"मास्तर, मला एक विचारायचंय. वीस दिवसांचं मूल असलं तर ते कुठे जातं?"

"बाप्तिस्मा झालेलं?"

"नाही. काहीच न झालेलं. महिन्याचं झाल्यावर नाव ठेवतात, तेही न झालेलं."

फातनं वर पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी त्यानंच ते गाठोडं उचलून बटाट्याच्या शेतापलीकडे नेलं होतं. घरी येऊन हात धुतले होते आणि बायकोला म्हणाला होता, अजून होतील. झालीही होती, तीन मुलगे. त्यानंतर या विषयावर दोघांत एक शब्द निघाला नव्हता.

मास्तर उठून उभे राहिले. "थोरल्या बाई, मला शिकवलेलं एक उत्तर आहे. ते मी तुम्हाला देणार नाही. खरं म्हणजे मला ठाऊक नाही."

"तुम्हालाही ठाऊक नाही?"

"नाही. लहान मुलांना अडवू नका, एवढं प्रभू म्हणाला. कोणत्या मुलांना, हे त्यानं निवडून सांगितलेलं मी कुठे वाचलं नाही." ते थांबले. मग म्हातारीकडे वळून म्हणाले, "रविवारी दहा वाजता, आजी. मी जे विचारीन त्याला हो म्हणायचं. मनापासून म्हणायचं, जमेल तेवढं."

"आणि भाषेचं?"

"तेही मला ठाऊक नाही. पण आपलीही बोलत असतील. आपल्या गावची कितीतरी माणसं आता तिकडे आहेत."

म्हातारीनं मान हलवली. हे तिला पटलेलं दिसलं.

फात उठून बाहेर गेला. खेचरांच्या गोठ्यात तो अंधार पडेपर्यंत होता. काय करत होता कोण जाणे, पण रविवारी सकाळी गाडी अंगणात जुंपलेली होती आणि आईला बसायला गवताची पेंढी घातलेली होती. तो स्वतः हाकायला बसला. चर्चपाशी उतरला नाही. बाहेर गाडीवरच बसून राहिला. खिडकीतून आईचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येक प्रश्नाला ती 'हो' म्हणत होती, इतक्या मोठ्यानं की होबाईंचा कुत्रा भुंकू लागला.

*

मंगळवारी सगळे कबरींवर गेले. खुई आणि श्यू-यिनही आले. दरवर्षी खुई फाटकापाशी थांबत असे. या वर्षी त्यानं कोयता घेऊन बापाच्या कबरीवरचं तण काढलं. उदबत्ती लावली नाही, आणि फातनंही लाव म्हटलं नाही.

म्हातारी वाकली नाही. मास्तरांनी तिला बजावलं होतं. ती नवऱ्याच्या दगडापाशी उकिडवी बसली आणि बाजारात भेटलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलली. "अहो, मी तिकडे जाणार आहे, पोरीकडे. तुमचं सगळं फात बघेल. पुढल्या वर्षी जहाजानं गावी जाल तेव्हा थोरल्या आईंना माझा नमस्कार सांगा. बदक त्यांनाच करू दे." मग गुडघ्यांवर हात टेकून उठली.

घरी परतताना ती बटाट्याच्या शेतापाशी थांबली.

"थोरले, तुझी कुठे आहे?"

तेत-मोईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं बोट दाखवलं. कुंपणाच्या कोपऱ्यात, तीन दगडांपलीकडे. दगड कुणी ठेवले होते, हे सासूनं विचारलं नाही. दोघी तिथवर गेल्या. खांद्यावर झाडू टाकून फात मागोमाग आला आणि चार पावलं मागेच उभा राहिला.

"तिचं नाव काय?" म्हातारीनं विचारलं.

"नाव ठेवलं नव्हतं, आई. वीसच दिवसांची होती."

"मग आता सांग एखादं. मी तिकडे जाईन तेव्हा हिलाही शोधायला हवं ना? मास्तरांना ठाऊक नाही, म्हणजे असेलही. एवढ्या पोरांत मी काय नुसतं 'ए' म्हणून हाक मारू?"

तेत-मोई खाली बघत होती. तिनं सांगून टाकलं.

"युन-च्यू."

नाव तयारच होतं. अकरा वर्षं होतं. फातला ते तिच्या तोंडच्या घाईवरून कळलं.

"युन-च्यू," म्हातारी म्हणून बघू लागली. "युन-च्यू. बरं आहे. लक्षात राहील."

"आई," मागून फात म्हणाला. "नुसतं युन-च्यू नको. तिथे त्या नावाच्या पुष्कळ असतील. याप युन-च्यू म्हण. याप घराण्याची म्हणून हाक मार."